‘मी’ म्हणायचं राहून गेलं

१२ जानेवारी

चि. ढब्बूस,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. तिकडे बोटं गारठतात म्हणून पानभर रडगाणं गायलंयस, ते वाचलं. एवढ्या मोठ्या ऑर्केस्ट्रात चेलो वाजवतोस, हातमोजे घ्यायला कुणी अडवलंय का? आणि मला पत्र कशाला लिहितेस, फोन कर, असं म्हणतोस. फोनवर तू ‘हो हो, बघू’ म्हणतोस आणि ठेवून देतोस. शिवाय बाबा भिंतीपलीकडेच असतात. आईने लावलेली पत्रांची सवय बरी आहे. कागदावर ‘हो हो’ म्हणून सुटता येत नाही.

तर आता नीट बसून वाच. बाबा चुकायला लागलेत.

बोटं नाही चुकत. बोटं अजून तरण्या पोरांना लाजवतील. मोजणी चुकते. थांबायचं असतं तिथे ते थांबतात, पण किती थांबायचं हे मध्येच हरवतं. मग एखादी ओळ गाळून पुढे शिरतात, नाहीतर वाजवून झालेली ओळ पुन्हा सुरू करतात, आणि चेहरा असा की सगळं आलबेल आहे. आधी वाटलं चष्मा असेल, म्हणून नवा चष्मा केला. मग वाटलं उजेड कमी पडतो, म्हणून त्यांच्या स्टँडला दिवा लावला. आता लावायला काही उरलं नाही.

आपल्या घरचा नियम आठवतो ना? तालमीत जो चुकला त्याने स्वतः तारांवरचा गज वर करायचा, ‘मी’ म्हणायचं, आणि पानावरची खूण सांगायची. दुसऱ्याने बोट दाखवायचं नाही, चुकणाऱ्याने सबब सांगायची नाही. सगळ्यांनी मुकाट्याने त्या खुणेपाशी परत जायचं आणि तिथून सुरुवात करायची. तू तर दूध सांडलंस तरी हात वर करून ‘मी’ म्हणायचास. आणि घरात सगळ्यात जास्त वेळा ‘मी’ म्हणणारे कोण? बाबाच. आपली चूकसुद्धा कित्येकदा स्वतःच्या अंगावर घ्यायचे.

गुरुवारच्या तालमीत ते पुन्हा पुन्हा निसटले आणि गज एकदाही वर गेला नाही. मी थांबले, डेंटिस्ट थांबले. बाबा आमच्याकडे बघत बसले, आमच्यापैकी कुणी ‘मी’ म्हणतंय का म्हणून. शेवटी डेंटिस्टांनी गज वर केला. बिचारे इतकी वर्षं बाबांच्या शेजारी बसून दुसरं व्हायोलिन वाजवतात, दिवसभर लोकांची तोंडं उघडतात, पण स्वतःचं कधी मिटायचं ते त्यांना बरोबर कळतं.

आई गेली त्यानंतर बाबांनी माझ्याकडून एक वचन घेतलं होतं. ज्या दिवशी मी चुकेन आणि माझं मला कळणार नाही, त्या दिवशी तू सांगायचंस, असं म्हणाले होते. परक्याकडून कळायला नको, पोरीकडून कळू दे. मी हो म्हटलं होतं, अगदी ठसक्यात. आता मार्चअखेर आपल्या चौघांची, त्यांच्या निरोपाची मैफल आहे, सभागृह ठरलंय, आणि माझी जीभ उचलत नाही. तू दोन दिवस ये. दोघं मिळून सांगू.

इथे एवढं एक सोडून सगळं ठीक. उत्तर लगेच धाड. माया आहेच, ती धाकात ठेवून करते एवढंच.

तुझी,
ताई


२० जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून दिवसभर चेलोला हात लावला नाही. मग रात्री लावला, कारण दुसऱ्या दिवशी कार्यक्रम होता आणि पोट कुणाला सुटलंय.

ताई, तुझं सगळं बरोबर, पण सांगून होणार काय? त्यांची ही शेवटची मैफल. तू म्हणशील, बाबा, तुम्ही चुकता. ते व्हायोलिन पेटीत ठेवतील, पेटीला कुलूप लावतील आणि खिडकीत बसतील. मग रोज सकाळी तो माणूस तुला तिथे बसलेला दिसणार. मला नाही दिसणार, हे तू लिहिशीलच, म्हणून मीच आधी लिहून टाकतो.

त्यापेक्षा माझं ऐक. त्यांना आयुष्यभर जो कार्यक्रम करायचा होता तो करू. जुनं काही नको, सगळं गेल्या शंभर वर्षांतलं, सगळं धावतं, उड्या मारणारं. त्या विसाच्या दशकातल्या नाचाच्या तुकड्यांनी सुरुवात, मध्ये ती नुसती बोटांनी तारा छेडायची रचना, आणि शेवटी बाबांच्या शाळेतल्या त्या शेंबडीचा ‘जिना’. तिने नाहीतरी तो बाबांसाठीच लिहिलाय. जुन्या रचनेत बाबा एक मात्रा इकडेतिकडे झाले तरी पहिल्या रांगेतल्या आजीबाईसुद्धा माना वळवतील, कारण ते सूर त्यांना लग्नाआधीपासून पाठ आहेत. नव्यात बरोबर काय आणि चूक काय, कुणाला कळतंय? सुंठीवाचून खोकला जाईल. लोक टाळ्या वाजवतील, बाबा वाकतील, झाकली मूठ झाकलेली राहील.

रागावू नकोस. पळवाट आहे हे मलाही कळतं. पण वाट तर आहे?

तुझ्या हातचा मार खाऊनही तुझाच असलेला,
ढब्बू


२७ जानेवारी

चि. ढब्बूस,
अ. उ. आ.

रागावू नकोस म्हणून लिहिलंस तेव्हाच कळलं, रागवण्यासारखं आहे हे तुला माहीत आहे. उंटावरचा शहाणा तो हाच.

बरोबर काय आणि चूक काय, कुणाला कळतंय. हे वाक्य लिहिताना तुझा हात अडखळला नाही? आपल्या घरात हे वाक्य एकदाच उच्चारलं गेलंय. सभागृहाचे जुने व्यवस्थापक जेवायला आले होते, तू टेबलाखाली बसून त्यांच्या बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधत होतास. ते हसत हसत हेच बोलले. बाबा उठले, खुंटीवरचा त्यांचा कोट काढला आणि त्यांच्या हातात दिला. सूप वाढायचं होतं अजून. आई भांडं घेऊन दारात तशीच उभी. ते गृहस्थ नाड्या अडकून उंबऱ्यात पडले म्हणून आपण हसलो होतो. बाबा नव्हते हसले. त्यानंतर किती वर्षं त्या सभागृहाने त्यांना बोलावलं नाही, हे तुला ठाऊक आहे. शाळेत पोरांना ‘सा’ लावायला शिकवून घर चालवलं त्यांनी, पण नव्या रचनेतला एक स्वर सैल सोडला नाही. आणि आता त्याच नव्या रचनांच्या मागे त्यांना लपवायचं, कारण लोक अडाणी आहेत!

हे सगळं लिहून झाल्यावर मी कागद बाजूला ठेवला आणि चहा केला. बाबा बाहेरच्या खोलीत राळ घासत होते गजावर. मी ठरवलं, आता सांगायचंच. कप पुढे केला. त्यांनी विचारलं, तुझं तोंड का उतरलंय, शाळेत कुणी काही बोललं का? शाळेत व्हिओला शिकवणाऱ्या बाईला कोण काय बोलणार? पण मी म्हटलं, हो, हेडमास्तर बोलले. मग त्यांनी हेडमास्तरांचा असा उद्धार केला की चहा गार झाला.

तर मी हरले. तुझा कार्यक्रम कागदावर उतरवून उद्या त्यांच्यापुढे ठेवते. माझा जीव त्यात नाही, हे लक्षात ठेव. पुढे कधी हे अंगाशी आलं तर तू तिकडे असशील आणि मी इथे, त्यांच्या समोर.

आशीर्वाद लिहायचा म्हणून लिहिते, आज तो आतून येत नाही.

ताई


२ फेब्रुवारी

चि. ढब्बूस,
अनेक आशीर्वाद.

अरे गुलामा! तुझ्या ताईने चार-पाच दिवसांपूर्वी कार्यक्रमाचा कागद माझ्यापुढे ठेवला आणि कल्पना तुझी आहे असं सांगितलं. मी तो दोनदा वाचला. मग चष्मा पुसून पुन्हा वाचला. एकही जुना गोडगोड तुकडा नाही! मला वाटायचं, माझे डोळे मिटले की तुम्ही दोघं निमूटपणे त्या लग्नाच्या मेजवानीतल्या सुरांकडे परत जाणार. पोरांना पोट असतं, मी समजू शकतो. पण तुम्ही मला खोटं पाडलंत. इतका आनंद मला खोटं पडून कधी झाला नव्हता.

नाचाचे तुकडे शाळा सुटल्यासारखे वाजले पाहिजेत, पण शाळा सुटली तरी पोरं रांगेतूनच पळतात हे विसरू नकोस. छेडायच्या रचनेत तुझी जाडी तार लाकडावर अशी आपटली पाहिजे की मागच्या रांगेतला झोपलेला माणूस उठून तिकीट दाखवेल. आणि ‘जिना’! शेंबडीने काय लिहिलंय रे! नाक ओढत माझ्यापुढे उभी राहायची ती पोर. आता चौघांना जिन्यावरून धावायला लावते, मध्येच बूट आपटायला लावते. ऐकणाऱ्याला वाटेल नुसता दंगा आहे. पण एकेक पायरी मोजलेली आहे. पाचाची, साताची, पुन्हा पाचाची. एकाची पायरी चुकली तर चौघं गडगडत खाली. म्हणून तर ती गंमत आहे. न मोजता धावलं तर तो दंगाच, त्याला मैफल कोण म्हणेल?

मी रोज सकाळी मोजून मोजून बसवतोय. मध्ये मध्ये हल्ली थोडं इकडचं तिकडे होतं, वय झालं, पण ताई आहे ना समोर. ती काही मला सोडणार नाही. तिने मला शब्द दिलाय, आणि तुझ्या ताईचा शब्द म्हणजे काय, हे तुझ्या कानांना विचार.

चेलोला थंडीत जप, स्वतःलाही जमलं तर जप. लवकर ये. तुमच्या या म्हाताऱ्याला आज कुणाकडून काहीच नको आहे, एवढं कळवून पुरे करतो.

तुझे,
बाबा


३ फेब्रुवारी

चि. ढब्बूस,
अ. उ. आ.

बाबांनी पाकीट बंद करायला माझ्याकडे दिलं आणि वाच म्हणाले. वाचलं. त्याच पाकिटात माझी ही चिठ्ठी घालते आहे. ‘ताई आहे ना समोर’ ही ओळ वाचून तुझ्या घशाखाली घास उतरला तर मला कळव.

अजून वेळ आहे. ये, सांगू. मी हात जोडत नाही कुणापुढे, तुझ्यापुढे जोडते.

ताई


११ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

दोन्ही पत्रं वाचली. घास उतरला नाही. आणि म्हणूनच आता सांगणं शक्य नाही, ताई. इतक्या आनंदात असलेल्या माणसाला कसं सांगायचं? आधी सांगितलं असतं तर एक वेळ जमलं असतं. आता त्यांना स्वतः आनंदाने लिहिलेलं ते पत्रसुद्धा आठवेल.

मी डेंटिस्टांशी बोललो. ते आधी नको म्हणाले, मग म्हणाले, माझ्या दवाखान्याची वेटिंग रूम रविवारी रिकामी असते. मी मैफलीच्या आधीच्या आठवड्यात येतो. घरी बाबांबरोबर नेहमीची तालीम करू आणि रविवारी आपण तिघं दवाखान्यात वेगळी. मी बाबांचा भाग चेलोवर वाजवीन आणि मुद्दाम चुकेन, कुठूनही कुठेही उडी मारीन. तुम्ही दोघांनी मला पकडायचं. ते गेले की आपण त्यांच्या मागे जायचं. ते ज्या पायरीवर, त्या पायरीवर आपण. खूण करायची वेळ आली तर तू बूट आपट, नाहीतरी ‘जिन्या’त बूट आपटायचेच आहेत.

चोरी आहे, कबूल. पण आपण काही घेत नाही आहोत, देतो आहोत, असं मी स्वतःला सांगतो. तूही सांगून बघ.

येताना तुला काय आणू? आणि रागवायचं असेल तर स्टेशनवरच रागाव, घरी बाबा असतील.

तुझा,
ढब्बू


३० मार्च, गाडीतून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

अक्षर हलतंय, गाडी हलतेय, आणि मी अजून कालच्या टाळ्यांत आहे. ताई, काय झालं गं काल! सगळं सभागृह उभं राहिलं! आजीबाईसुद्धा उभ्या राहिल्या, आणि ‘जिन्या’त बूट आपटले तेव्हा पहिल्या रांगेतले एक गृहस्थ हसता हसता कोसळायचे राहिले. शेंबडी आत आली ती रडतच. म्हणाली, सर, माझ्या मनात होतं तसंच वाजलं. डेंटिस्ट तर केकचा तुकडा हातात धरून रडत होते.

बाबा छेडायच्या रचनेत निसटले तेव्हा वाटलं, आता संपलं. पण तू अशी गेलीस त्यांच्या मागे की मलाच शंका आली, चुकलं होतं ना नक्की? आणि ‘जिन्या’त तर त्यांनी अख्खा मधला भाग गाळला. घरच्या तालमीत त्यांनी एवढी मोठी उडी कधी मारली नव्हती. तुझा बूट आपटला, डेंटिस्ट पोचले, मी पोचलो, आणि सगळे एकाच पायरीवर! दवाखान्यातला रविवार फुकट गेला नाही. तिथे मी बाबा होऊन मान वर करून चुकत होतो आणि आपण तिघं खुर्च्यांवरून पडेपर्यंत हसलो होतो, ते आठवलं की जरा कसंतरी होतं. पण जमलं, ताई. त्यांना मिळायचं होतं ते मिळालं.

सकाळी निघताना बाबा खिडकीत होते. मी हात केला. त्यांनी केला नाही, बहुतेक ऊन डोळ्यांवर होतं. थकलेही असतील. त्यांना गोड खायला दे.

या वेळी तरी शाबासकी पाठव, आशीर्वाद उधार ठेवू नकोस.

तुझा,
ढब्बू


४ एप्रिल

चि. थोरलीस व चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

दोन प्रती लिहितो आहे. एक टपालात टाकीन, एक थोरलीच्या दाराखालून सरकवीन. एका घरात राहून पत्र लिहायची वेळ आली, कारण तोंडाने बोललो तर माझा आवाज चढेल आणि मग तुम्ही माझी समजूत काढाल. समजूत पुरे झाली.

छेडायच्या रचनेत मी चुकलो. हो, मला कळलं. एरवी कळत नसेल, त्या दिवशी कळलं. मात्रा हातातून सुटली. आता हे तिघं एकीकडे आणि मी एकीकडे, आता सगळं कोसळणार, असं मनात आलं. आणि काहीच कोसळलं नाही. तुम्ही तिघं माझ्या बरोबर होतात. इतक्या वर्षांत मला वाजवणं एवढं सोपं कधी गेलं नव्हतं. चौघांत वाजवणाऱ्या माणसाला ते सोपं जात नसतं. कुणीतरी ओढतं, कुणीतरी अडवतं, तेव्हा कुठे चौघं एका जागी येतात. मला कुणी अडवतच नव्हतं.

म्हणून ‘जिन्या’त मी मुद्दाम उडी मारली.

नीट वाचा. मला कुठे होतो ते माहीत होतं, कुठे जायचं तेही. शेंबडीच्या रचनेतला मधला सगळा भाग, जो तिने सगळ्यात जीव ओतून लिहिलाय, तो मी जाणूनबुजून ओलांडला. मनात म्हटलं, माझी मुलं असतील तर इथे अडतील. गोंधळ होईल, सुरांची मारामारी होईल, कदाचित थांबावं लागेल. भर सभागृहात थांबावं लागलं असतं तर मी उठून गज वर केला असता, ‘मी’ म्हटलं असतं, आणि पुन्हा सुरुवात केली असती. मला त्याची लाज वाटली नसती. त्याच तयारीने मी उडी मारली होती.

थोरलीचा बूट आपटला आणि पुढच्या मात्रेला तुम्ही तिघंही माझ्या शेजारी. धाप नाही, अडखळणं नाही. एवढी सफाई आपोआप येत नाही. मी आयुष्यभर तालमी घेतल्या आहेत, तालीम केलेली ओळखू येते मला. माझ्या चुकांची तालीम केलीत तुम्ही. कुठे केलीत ते विचारत नाही. डेंटिस्ट माझ्याकडे बघेनासे झालेत, त्यावरून कळायचं ते कळलं.

मग सभागृह उभं राहिलं. ज्या रचनेचं पोट आपण चौघांनी फाडलं होतं, तिच्यासाठी. आणि जिने ती लिहिली ती पोर येऊन म्हणाली, माझ्या मनात होतं तसंच वाजलं. तिला कळलं नाही, की कळून ती म्हाताऱ्याची समजूत काढत होती? दोन्हींतलं काय मला जास्त लागेल, हे अजून ठरवू शकलेलो नाही.

पुष्कळ वर्षांपूर्वी एका माणसाला मी जेवणावरून उठवून घराबाहेर काढलं. नव्या संगीतात बरोबर काय आणि चूक काय कुणाला कळतंय, असं तो म्हणाला होता. तो खोटं बोलतो आहे हे दाखवायला मी बाकीचं आयुष्य घालवलं. तो खरं बोलत होता हे माझ्याच पोरांनी भरलेल्या सभागृहात दाखवून दिलं. धाकट्या, हा कार्यक्रम तुला का सुचला, ते मला आता कळलं. कागद वाचला त्या दिवशी मला वाटलं होतं, माझी मुलं माझ्यावर गेली.

ग्रीनरूममध्ये मी गज मांडीवर घेऊन बराच वेळ बसून राहिलो. तुम्ही म्हणालात, बाबा थकले. मी थकलो नव्हतो, वाट बघत होतो. तिघांपैकी कुणीतरी ‘मी’ म्हणेल म्हणून. आपल्या घरात कुणाला आठवण करून द्यावी लागत नाही. तुम्ही केक कापत होतात.

माझी मोजणी गेली आहे, ते म्हातारपण आहे. त्याचं मला दुःख आहे, राग नाही. थोरलीने दिलेला शब्द मात्र म्हातारा झाला नव्हता.

यापुढे लोभ धरा, न धरा. खोटा मात्र धरू नका.

बाबा


१९ एप्रिल

चि. ढब्बूस,
अ. उ. आ.

तुझी तार नाही, फोन नाही, पत्र नाही. बाबांचं पत्र पोचलं असणार. खाई त्याला खवखवे. मीही दहादा पेन उचलून ठेवलं.

तुला मी आज दोष देणार नाही. वाट तू दाखवलीस, पण चालले मी. शब्द मी दिला होता. चहाचा कप हातात घेऊन समोर उभी होते मी, आणि हेडमास्तरांचं नाव सांगितलं.

त्यांचं पत्र दाराखालून आलं त्या दिवशी मी बाहेरच गेले नाही. दुसऱ्या सकाळी ते बाहेरच्या खोलीत स्टँडांची घडी घालत होते, चारही. मी दारात उभी राहिले. बूट नव्हता पायात, गज नव्हता हातात. लहानपणी तू करायचास तसा हात वर केला आणि ‘मी’ म्हटलं.

त्यांनी मान वर केली नाही. नियमाप्रमाणे विचारलं, खूण कुठली. मी म्हटलं, जानेवारीतला तो गुरुवार, त्या तालमीत तुम्ही पहिल्यांदा निसटलात आणि मी थांबून गप्प राहिले, तिथे. मला वाटलं, आता म्हणतील, चला, तिथून परत. इतकी वर्षं तेच म्हणत आले, कितीही मोठी चूक असो. ढब्बू, मी खरंच वाट बघत होते रे, शाळेतल्या पोरीसारखी.

ते म्हणाले, ‘मी’ तालमीत म्हणायचं असतं. मैफल झाल्यावर परत जायला जागा नसते. आवाज चढवला नाही. मग चौथा स्टँड बांधला आणि चारही माळ्यावर ठेवायला शिडी मागितली. मी शिडी धरली.

डेंटिस्ट एकदा येऊन गेले, फाटकापर्यंतच. शेंबडीचं पत्र आलंय, बाबांनी ते फोडलं नाही. आम्ही दोघं एका टेबलावर जेवतो. ते मीठ मागतात, मी देते. मी हल्ली व्हिओला शाळेतच वाजवते, सगळे गेल्यावर, कारण घरी मी तारा लावायला घेतल्या की ते उठून आपल्या खोलीचं दार लावतात. आपटत नाहीत. हळूच लावतात.

तू ये म्हणून लिहिणार होते. पण येऊन काय करशील? ‘मी’ म्हणशील. ते खूण विचारतील आणि तू सांगशीलही. मग बघू, तुला काय म्हणतात ते. मला जे म्हणाले ते मी लिहिलं.

हातमोजे विणून झाले आहेत, वेगळ्या पार्सलने पाठवते. आशीर्वाद माझ्याकडे जेवढे उरलेत तेवढे तुझेच.

ताई